मॉडेल ए कूपेत कुठलं इंजिन बसवू? फ्लॅटहेड, स्मॉल ब्लॉक की नेलहेड

वाळवंटी_वारा:
नमस्कार मंडळी. मूळचा नाशिकचा, आता बरीच वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियात. गेल्या महिन्यात एकदाची १९३१ ची फोर्ड मॉडेल ए कूपे घेतली. पत्रा बरा आहे, चासी सरळ आहे, पण बॉनेटखाली काहीच नाही, आधीच्या मालकाने इंजिन कधीच विकून टाकलेलं. मूळचं चार सिलिंडरचं ४० हॉर्सपॉवरचं परत घालायचं नाही, मला हॉट रॉडच (जुनी गाडी हलकी करून, ताकदीचं इंजिन घालून पळवायची) करायची आहे, पण जुन्या पद्धतीची. इथले मित्र म्हणतात चेव्हीचं (शेव्हरलेचं) ३५० घनइंचाचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ टाक आणि मोकळा हो. ते पटतं पण, आणि मग कुठल्यातरी मेळाव्यात दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्ब्युरेटर लावलेला फ्लॅटहेड (फोर्डचा जुना व्ही-८, वॉल्व्ह हेडमध्ये नाही तर ब्लॉकमध्ये) चालू होतो आणि तिथून पाय निघत नाही. एकाने ब्यूकचं नेलहेड व्ही-८ ही सुचवलंय. तुमचं आवडतं कुठलं आणि का, ते मनापासून सांगा.

डेट्रॉइटकर:
अभिनंदन भाऊ! माझं मत स्मॉल ब्लॉक चेव्ही, आणि सोपं पडतं म्हणून नाही सांगत. १९५५ ला २६५ घनइंचाचं आलं तेव्हा एड कोलच्या टीमने जे केलं ते आजही बघत बसावं असं आहे. भिंती पातळ ओतल्या त्यामुळे व्ही-८ असून चेव्हीच्याच सहा सिलिंडरवाल्यापेक्षा वजनाला कमी, वॉल्व्ह दाबणारे रॉकर आर्म पत्र्यातून ठोकून काढलेले आणि एकेका स्टडवर बसवलेले, त्यांना तेल पोकळ पुशरॉडमधून, म्हणजे रॉकरचा लांबलचक शाफ्टच गेला. डावं हेड उजवीकडे चालतं. पुढे ५७ ला २८३ घनइंच, त्यातल्या फ्युएल इंजेक्शनवाल्याला २८३ हॉर्सपॉवर, ६२ ला ३२७, ६७ ला ३५०. पार्ट कुठल्याही गावात मिळतो. सगळे तेच लावतात म्हणून नावं ठेवणारे भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, सगळे लावतात ते चांगलं आहे म्हणूनच. जुना लुक हवा असेल तर २८३ शोधा आणि त्यावर तीन टू-बॅरल कार्ब्युरेटर चढवा.

तीनपोर्ट:
डेट्रॉइटकर, एकही शब्द खोटा नाही तुमचा, पण गाडी ३१ ची आहे हो. हा सगळा नादच फ्लॅटहेडमुळे उभा राहिला. १९३२ ला फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-८ घातला, २२१ घनइंच, ६५ हॉर्सपॉवर, आणि मग कॅलिफोर्नियातली पोरं त्या जुन्या गाड्या स्वस्तात घेऊन मडगार्ड काढून म्यूरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर पळवायला लागली. वाळवंटी_वारा, तुम्ही राहताच त्या भागात, एल मिराज एकदा बघून याच. तो आवाज येतो कुठून तर प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरचा धूर एकाच तोंडातून बाहेर पडतो, चार सिलिंडरना तीनच तोंडं. इंजिनियर याला दोष म्हणेल आणि बरोबरच म्हणेल, पण ती भरलेली घुमणारी गुरगुर दुसऱ्या कुठल्या व्ही-८ ला नाही.

४६-४८ चा ५९एबी ब्लॉक बघा, २३९ घनइंच, १०० हॉर्सपॉवर. त्यात १९४९-५३ च्या मर्क्युरीचा ४ इंची स्ट्रोकचा क्रँक घालायचा आणि सिलिंडर ३ ५/१६ इंचापर्यंत बोअर करायचे, झाले २७६ घनइंच. आणि अजून एक, फ्लॅटहेडसाठी ओव्हरहेड वॉल्व्हची आर्डुन हेडं करणारा झोरा आर्कस-डंटोव्हच पुढे चेव्हीत जाऊन त्यांच्या कॉर्व्हेट स्पोर्ट्स कारवाला झाला. त्यामुळे फ्लॅटहेड विरुद्ध चेव्ही हे भांडण मला कधी खरं वाटलंच नाही.

ओतारी_कोल्हापूर:
मी गाड्यांमधला नाही, फौंड्रीतला माणूस, शिरोली एमआयडीसीत २२ वर्षं ओतकाम. पण ह्या इंजिनाबद्दल आमच्या घरात बोललं जायचं, आजोबा महायुद्धात फौजेत ड्रायव्हर होते, कॅनडात बनलेले फोर्डचे ट्रक चालवायचे, त्यात हाच व्ही-८. मला काय भारी वाटतं सांगू का, दोन्ही बाजूचे सिलिंडर आणि क्रँककेस एकसंध ओतलंय, आणि तेपण ३२ साली स्वस्त गाडीसाठी. आधीचे बरेच व्ही-८ तुकडे बोल्टनं जोडून करायचे. वॉल्व्ह ब्लॉकमध्येच, एक्झॉस्टचे रस्ते ब्लॉकच्या पोटातनं सिलिंडरच्या शेजारनं पाण्यातनं बाहेर, म्हणजे कोअर (आतली पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचे वाळूचे तुकडे) किती आणि ते जाग्यावर धरायचे कसे याचा विचार केला तरी घाम येतो, एक कोअर जरा सरकला की भिंत एका बाजूला पातळ आणि माल भंगारात. सुरुवातीला त्यांचं रिजेक्शन भरपूर होतं, आणि ते का होतं ते आमच्यासारख्याला लगेच कळतं.

आता कामाचं. एक्झॉस्ट असा ब्लॉकमधनं फिरतो म्हणून सगळी उष्णता पाण्यात जाते, म्हणून ती इंजिनं तापतात आणि वॉल्व्ह सीट ते सिलिंडर अशी चीर पडते. जुना ब्लॉक घेताय तर आधी आतली सगळी वाळू आणि गंज उकरून साफ करून घ्या (कारखान्यातली कोअरची वाळूसुद्धा निघते कधीकधी!), मग मॅग्नेटनं क्रॅक चेक, मग प्रेशर टेस्ट. तोपर्यंत पैसे देऊ नका दादा.

डेट्रॉइटकर:
ओतारी, मानलं. असं कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

टॉर्कप्रेमी:
नेलहेडची बाजू कुणीच घेतली नाही म्हणून लिहितो. वॉल्व्ह बारीक आणि जवळजवळ उभे म्हणून ते नाव, आणि त्याचमुळे इंजिन अरुंद, मॉडेल ए मध्ये छान बसतं. ४०१ च्या एअर क्लीनरवर वाइल्डकॅट ४४५ लिहिलेलं असतं, तो आकडा हॉर्सपॉवरचा नाही, टॉर्कचा आहे. हलक्या कूपेत ४४५ पाउंड-फूट म्हणजे काय ते पहिल्या सिग्नललाच कळेल. जड आहे आणि पार्ट महाग, हे मान्य. पण बॉनेट काढून ठेवणार असाल तर त्या उभ्या व्हॉल्व्ह कव्हरइतकं देखणं दुसरं काही नाही.

वाळवंटी_वारा:
सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं सगळं. फ्लॅटहेडच घेतो. दोन तासांवर एकाकडे ५९एबी ब्लॉक आहे, शनिवारी जातोय, मशीन शॉपवाल्याशी बोललोय, क्रॅक आणि प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय पैसे देणार नाही. ओतारी दादा, चीर नेमकी कुठे बघू, पहिल्यांदा कुठल्या सिलिंडरकडे?

ओतारी_कोल्हापूर:
मधल्या दोघांकडं आधी, एकच तोंड दोघांना म्हणजे तिथं उष्णता जास्त. वॉल्व्ह सीटपासनं बोअरकडं आणि सीटपासनं बोल्टच्या भोकाकडं, ब्रशनं घासून टॉर्च तिरकी धरून बघा. आणि फोटो टाका, मला बघायचाय तो ब्लॉक.