गणपतीतला नाच: पुढची ओळ कुणाची?

पाटील (सेक्रेटरी): मंडळी नमस्कार 🙏 मुलांच्या नाचाच्या तालमी सोमवारपासून, क्लबहाऊसमध्ये, 6:30 ते 7:30. नाच सी-301 च्या अश्विनीताई बसवणार आहेत. कार्यक्रम रात्री 10 च्या आत संपला पाहिजे. 12 पर्यंत स्पीकर चालतो ते दिवस कलेक्टर ठरवून देतात, आपला दिवस त्यात नाही. ऐनवेळी कुणी "फक्त एक गाणं" म्हणू नये.

चौगुले वहिनी (बी-203): तालमी ठीक हायत. पण ओळी आत्ताच ठरवा. गेल्या वर्षी आमची पोरगी मागच्या ओळीत आणि पुढं शिंद्यांचा पोरगा. व्हिडिओत तिचा नुसता गजरा दिसतोय.

शिंदे (ए-104): वहिनी, पोरगा उंच हाय, त्याला आम्ही काय करणार?

चौगुले वहिनी: उंच पोरानं मागं उभारायचं की.

शिंदे: मागं उभारला की त्याची आजी म्हणती आमचं पोर दिसंना.

जाधव (सी-102): ते ओळींचं नंतर बघा. गाणं मी काढून ठेवलंय, रीलवर लई चाललंय. लावणीच हाय. पोरीनं घरी बघून बघून निम्मी बसवली पण.

देसाई काकू (बी-101): व्हिडिओ बघितला. आठ वर्षांच्या पोरीला हे शोभतंय का जाधव?

जाधव: काकू, एरवी लावणी म्हणजे महाराष्ट्राची शान, आणि घरातल्या पोरीनं केली की नाक मुरडायचं. हे काय मला पटत न्हाई.

कुलकर्णी आजोबा (ए-201): जाधवांच्या बोलण्यात तथ्य आहे. लावणीला नावं ठेवू नयेत. यमुनाबाई वाईकरांना 2012 साली पद्मश्री मिळाली ती लावणीसाठीच. बैठकीच्या लावणीत बाई जागची हलत नाही, बसल्या जागी एकेका ओळीचे अर्थ चेहऱ्यानं आणि हातानं उलगडत जाते. त्याला वय लागतं आणि पोटात काही साठलेलं लागतं. रीलमधल्या कंबर हलवण्याला लावणी म्हणायचं का, हा प्रश्न वेगळा.

अश्विनीताई (सी-301): आत्ता क्लास सुटला. वरचं सगळं वाचलं, जरा सविस्तर लिहिते.

जाधवदादा, लावणीला माझी ना नाही, मोठ्या मुलींना मी शिकवते. पण ती अदा एका जाणत्या बाईच्या मनातली असते. आठ वर्षांच्या मुलीला त्यातलं काही कळत नाही, म्हणून ती नुसती नक्कल करते. तिनं डोळा मारला की खालून शिट्ट्या पडतात, आणि तिला वाटतं आपण छान नाचलो. ते मला नको आहे. तिला ढोलकीच्या ठेक्यावरचं पायाचं काम शिकवू, शब्द दुसरे घेऊ. ठेका तिला जमतोय, जिन्यात बघितलंय मी.

दुसरं म्हणजे रील. रीलमधला नाच एका माणसासाठी आणि जवळच्या कॅमेऱ्यासाठी बसवलेला असतो. बोटं, भुवया, मानेचे झटके. आपले लोक बसणार पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला. तिथून बोटं कुणाला दिसतात? तिथून दिसतो आख्खा हात, वळण, आणि सगळी मुलं एकदम खाली बसली की उठली ते. नाच बसवताना मी आधी शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसते, मग ठरवते.

आता वयाचं. पाच ते सात वर्षांच्या मुलांना दोन मिनिटांच्या वर गाणं देऊ नका. चार हालचाली पुरतात, त्याच फिरवून फिरवून घ्यायच्या. डावं-उजवं त्यांच्या डोक्यात अजून पक्कं नसतं. म्हणून मी त्यांच्याकडं तोंड करून उभी राहते तेव्हा "उजवा हात" म्हणते आणि माझा डावा वर करते, आरशासारखा. शिवाय प्रत्येकाच्या उजव्या मनगटाला लाल रबरबँड. पालकांनी तालमीत समोर उभं राहून "अगं उजवा, उजवा!" ओरडू नये, कारण तुमचा उजवा तिला उलट्या बाजूला दिसतो. सुरुवातीचे दिवस गाणं लावणारच नाही. आठ आकड्यांची मोजणी आणि टाळ्या. गाणं आधी लावलं की पोरं शब्दांच्या मागं पळतात आणि पाय सुटतो. पुढं गाणं लावलं तरी आधी वेग कमी करून, मग मूळ वेगानं.

आणि एक गोष्ट मी ऐकणार नाही. पेव्हर ब्लॉकवर गुडघ्यावर आपटायची स्टेप नको, उड्यांवर उड्या नकोत. दहा ते चौदा वर्षं म्हणजे झपाट्यानं उंची वाढायचं वय. मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याखाली जिथं हाडाला धरलेला असतो तिथं हाड अजून कच्चं असतं. कडक जमिनीवर रोज उड्या मारल्या की नेमकं तिथंच दुखायला लागतं, कधी टेंगूळ पण येतं. नाटकाचा स्टेज लाकडी असतो, तो थोडा दबतो, पाय झेलतो. सिमेंट झेलत नाही.

कुलकर्णी आजोबा: लाकडी स्टेज म्हटल्यावर केशवराव भोसले नाट्यगृह आठवलं. शाहू महाराजांनी 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं. शाळेत असताना तिथं लेझीम खेळलोय. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळताना टीव्हीवर बघवत नव्हतं.

खाडे (बी-302): मोठ्या पोरांचं काय? आमचा तेरा वर्षांचा, नाचायचं म्हटलं की दार लावून घेतोय. त्यांना मर्दानी खेळ द्या की. लाठी, फरी-गदका म्हंजे ढाल-काठी. कोल्हापूरची ओळख हाय ती.

अश्विनीताई: खाडेदादा, ते माझं काम नाही, वस्तादांचं आहे. पेठेतल्या आखाड्यात नव्या पोराला कितीतरी दिवस नुसते पवित्रे घालायला लावतात, उगाच नाही. लाठी फिरवणाऱ्याच्या चारी बाजूंनी हात अधिक लाठी एवढी जागा मोकळी लागते. आपल्या मांडवात वर लायटिंगच्या माळा आणि पुढं पहिल्या रांगेत आज्या.

शिंदे: 😂

चौगुले वहिनी: ताई सगळं पटलं. पण ओळीचं राहिलं बघा.

अश्विनीताई: विसरले नाही वहिनी. एका नाचात दोनदा ओळी बदलायच्या, मागची पुढं. पण दरवेळी बदलताना पोरं गोंधळतात हेही खरं, आणि छोट्यांना ते जमतच नाही. त्यामुळं अजून डोकं चालवतेय.

मगदूम काका (ए-003): मी एक बोलू का? आमचं गाव पट्टणकोडोली. आमच्याकडं दसऱ्यानंतर विठ्ठल-बिरदेवाची यात्रा असती, तुमच्यातली बरीच जणं भंडारा बघायला आलाय. तिथं धनगरांचा गज, म्हंजे त्यांचा गजीनाच, बघितलाय का कुणी नीट? मधी ढोल आणि कैताळ म्हंजे मोठी झांज, भोवतीनं गोल करून माणसं. अंगरखा, धोतर, फेटा, हातात रंगीत रुमाल. सगळा गोल ढोलाभोवती फिरत राहतोय. त्यात पुढची ओळच नसती. आता व्हता तो मागं आणि मागचा पुढं.

चौगुले वहिनी: हे बेस हाय.

जाधव: काका, पण ते लई हळू असतंय. पोरांना आवडंल का?

मगदूम काका: सुरुवात हळू असती. मग ढोल चढत जातोय तसं पाय चढतंय. ते हळू पाऊल टाकायलाच अवघड हाय, करून बघा घरी. आमची म्हातारी माणसं म्हणायची, पळाया कुणालाबी येतंय.

अश्विनीताई: काका, हे मला सुचायला हवं होतं! संथ पाऊल म्हणजे गुडघ्यांना त्रास नाही. हात रुमालामुळं लांबून दिसणार. तेरा-चौदाची पोरं पण येतील, कारण यात कंबर हलवायची नाही 😀 फक्त गोल म्हणजे लोक चारी बाजूंनी बसायला हवेत. भिंतीला लागून स्टेज घातला की पुन्हा एकच बाजू पुढची होते. स्टेजच नको, खाली पार्किंगमध्ये मध्यभागी करूया. दोन गोल करते, आत बारकी आणि बाहेर मोठी, उलटसुलट फिरणारी.

शिंदे: ताई, बारकी आत गेली की मोठ्यांच्या आड जाणार की.

अश्विनीताई: बरोबर पकडलंत. आणि उलटं करून बारकी बाहेर ठेवली तर बाहेरचा गोल मोठा, त्यांचे पाय आखूड, ढोल चढला की ती मागं पडणार. मग असं करू: आतला गोल फिरतो तेव्हा बाहेरच्यांनी एक गुडघा टेकून बसायचं, सावकाश, आपटायचं नाही, आणि रुमाल जमिनीलगत हलवत राहायचं. मग बाहेरचे उठले की बारकी ढोलाजवळ खाली बसून टाळ्या धरतील. आठाच्या चार आवर्तनांनी अदलाबदल. उद्या क्लबहाऊसच्या फरशीवर खडूनं गोल आखून बघते.

देसाई काकू: भंडारा उधळायचा का शेवटी? फोटो छान येतील.

मगदूम काका: न्हाई ताई. भंडारा देवाचा, देवाच्या दारात. नाचात उधळायला न्हाई. तेवढं पाळा.

पाटील (सेक्रेटरी): मगदूम काकांशी सहमत. शिवाय नवे पेव्हर ब्लॉक पिवळे झाले तर मेंटेनन्सला कोण उत्तर देणार.

अश्विनीताई: काका, ओवी म्हणायला आणि पाऊल दाखवायला तुम्हीच यायचं. मी मोजणी आणि जागा बघते. मी कथकवाली, गज मी यात्रेत उभी राहून बघितलाय तेवढाच. माझ्या मनानं काहीतरी घालून त्याला गज म्हणणार नाही.

मगदूम काका: येतो की. गुडघं दुखत्यात, पण खुर्चीत बसून सांगीन. ढोलाला माझा पुतण्या येईल.

खाडे: आमच्या साहेबांनी दार उघडलंय. विचारतोय फेटा खरा बांधणार का रेडिमेड.

अश्विनीताई: खरा. आणि बांधायला त्यानंच शिकायचं, मग बारक्यांना तोच बांधून देईल.

चौगुले वहिनी: ड्रेपरीवाल्याला कोण विचारतंय? अंगरखे बारक्या मापाचे लवकर संपतात. मी उद्या ऑफिसातनं येताना महाद्वार रोडला रुमाल बघून येतो. किती रंग?

अश्विनीताई: दोनच. बारक्यांना पिवळे, मोठ्यांना लाल. सुती घ्या, सॅटिनचे हातातनं निसटतात.

जाधव: ताई, एक अडचण झालीय. पोरीला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणतीय मला नाचायचंच न्हाई, मला ढोल वाजवायचाय.

अश्विनीताई: मग ठेका तिच्या हातात देऊ. काका, चालेल ना?

मगदूम काका: माझी ना न्हाई. पण मोठा ढोल तिला उचलायचा न्हाई. पुतण्याला बारका ढोल आणाय सांगतो, त्याच्या शेजारी उभारू दे. आधी हाताची ताकद बघू.

पाटील (सेक्रेटरी): ठरलं तर. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी 4 नंतर ए आणि बी विंगच्या गाड्या बाहेर. आत्ताच सांगतोय, नंतर चावी सापडत नाही म्हणायचं नाही.

शिंदे: ढोल तालमीला रोज आणायचा का क्लबहाऊसात ठेवायचा?

मगदूम काका: आतच ठेवा, पण खिडकीपाशी नको. ह्या पावसात ढोलाचं चामड्याचं पान सैल पडतंय, मग आवाज बसतोय.

पाटील (सेक्रेटरी): किल्ली वॉचमनकडं देऊन ठेवतो.