पाच वर्षांत चार पाट्या उतरलेला गाळा: छोटी दुकाने आणि बार का टिकत नाहीत?

कर्वेनगरकर

आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर २२० चौरस फुटांचा एक गाळा आहे. टाळेबंदी उठल्यापासून त्याच्यावर मोबाइल दुरुस्ती, केक, फळांचे रस आणि मोमो अशा चार पाट्या चढल्या आणि उतरल्या. मोमोवाला गेल्या महिन्यात गेला; त्याची पाटी काढल्यावर मागच्या भिंतीवर रसवाल्याने रंगवलेले अर्धे संत्रे पुन्हा दिसू लागले आहे. आता तोच गाळा माझ्या भाच्याला हवा आहे. चहाची फ्रँचायझी घ्यायची, पतसंस्थेकडून ६ लाखांचे कर्ज काढायचे आणि दोन जामीनदारांपैकी एक मी व्हायचे, असा बेत आहे.

मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात ३१ वर्षे काढली. तिथे दुकानांचे शेकडो प्रकल्प अहवाल हातांखालून गेले आणि कागदावर तोट्यात जाणारे दुकान मला एकदाही भेटले नाही. प्रत्यक्षात वसुलीच्या यादीत हीच मंडळी पुढे भेटत. भाच्याचे म्हणणे असे, की आधीचे चौघे मेहनतीत कमी पडले. मला हे पटत नाही, कारण रसवाला पहाटे पाच वाजता मार्केट यार्डातून फळे घेऊन येताना मी स्वतः पाहिला आहे. ज्यांनी दुकान, खाणावळ किंवा बार चालवला, बंद केला किंवा जवळून पाहिला, त्यांनी नेमके कुठे बिनसते ते सांगावे. ‘नोकरीच बरी’ असा सल्ला कृपया देऊ नये, तो भाच्याला घरातून पुरेसा मिळालेला आहे.

खतावणी

मी लहान व्यावसायिकांचे हिशेब लिहितो, त्यामुळे माझे उत्तर आकड्यांतच येईल. दोन वर्षांपूर्वी बंद झालेल्या एका मिसळीच्या दुकानाचे महिन्याचे बांधील खर्च असे होते: भाडे ४०,०००, दोन माणसांचे पगार ३२,०००, वीज ७,०००, १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर ७,००० आणि किरकोळ ४,०००. म्हणजे ९०,००० रुपये, मग एक गिऱ्हाईक येवो वा न येवो. प्लेट ६० रुपयांची, तिच्यातला कच्चा माल २४ रुपयांचा, म्हणजे प्लेटमागे हातात ३६ रुपये. साप्ताहिक सुट्टी धरून महिन्याचे २६ दिवस मोजले, तर रोज ९६ प्लेट विकल्यावर खर्च आणि आवक जेमतेम जुळत होती. त्यात मालकाचा स्वतःचा पगार शून्य. फर्निचर आणि रंगरंगोटीत घातलेले ६ लाख तीन वर्षांच्या भाडेकरारात वसूल व्हायचे असतील, तर दरमहा आणखी सुमारे १६,७०० रुपये आणि रोजच्या ११४ प्लेट.

त्याची विक्री होती रोज ८० प्लेट. रात्री गल्ल्यात ४,८०० रुपये दिसत आणि महिनाअखेर सव्वा लाखाची उलाढाल होई. हा आकडा तो नातेवाइकांना अभिमानाने सांगत असे आणि त्याच गल्ल्यातून मुलाची फी, गाडीचा हप्ता आणि पतसंस्थेची रोजची पिग्मी (दारावर येऊन गोळा होणारी बचत) जात असे. वास्तविक तो फर्निचर न धरताही महिन्याला १५,००० रुपये गमावत होता. हे त्याला सातव्या महिन्यात कळले, कारण तोवर कडधान्यवाल्याची उधारी आणि अनामत रक्कम मिळून दुकान ओढत होती. धंदा रोखीचा असला की तोटा उशिरा दिसतो. पैसे रोज येतात आणि देणी महिन्याने, दोन महिन्यांनी उभी राहतात.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. गिऱ्हाइकाकडून ५ टक्के जीएसटी घेणाऱ्या उपाहारगृहाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. त्यामुळे फर्निचर, यंत्रे आणि फ्रँचायझीच्या शुल्कावर भरलेला कर पदरचाच जातो. भाच्याच्या प्रकल्प अहवालात ही रक्कम कुठे धरली आहे, ते पाहावे.

जुने_सामान

माझा धंदा बंद पडलेल्या हॉटेलांचे सामान घेण्याचा आणि नव्या हॉटेलांना विकण्याचा आहे, त्यामुळे या विषयावर मी बोलणे थोडे विचित्र ठरेल. पण दुकान बंद होते त्या दिवशी मालकासमोर उभा असणारा बाहेरचा माणूस बहुधा मीच असतो.

पाडव्याला किंवा अक्षय तृतीयेला विकलेले सामान पितृपक्षात परत येऊ लागते, हा माझ्या गोदामाचा ठरलेला हंगाम आहे. पावसाळ्यात रस्त्यावरची वर्दळ तुटते, श्रावणात अंडे-चिकनवाल्यांचा खप घटतो आणि उन्हाळ्यात उघडलेल्या दुकानाकडे हे चार महिने काढण्याइतके खेळते भांडवल नसते, कारण सगळा पैसा आधीच भिंतींवर चिकटवलेला असतो. फॉल सीलिंग, लाकडी पट्ट्या, निऑनमधले नाव, सेल्फी काढायची भिंत, यांची परत किंमत शून्य आहे. उलट ते काढून गाळा पूर्ववत करून द्या असे करारात असेल, तर मजुरी मालकालाच भरावी लागते. स्टीलची टेबले, डीप फ्रीझर आणि बेन-मारीला (गरम पाण्यावर पदार्थ गरम ठेवणारे भांडे) मी नव्याच्या साधारण तिसरा हिस्सा देतो. माझ्याकडे एक उभा काचेचा फ्रीज आहे, तो आत्तापर्यंत मी चार वेळा विकला आणि चार वेळा परत घेतला. दारावर आधीच्या दुकानांचे स्टिकर एकावर एक आहेत आणि कोपरा उचकटला की खालची नावे दिसतात.

सामान उतरवताना मालक काय बोलतात, तेही सांगतो. पदार्थ वाईट होता असे कोणी म्हणत नाही आणि बहुतेक वेळा तो वाईट नसतोही. ‘महाराज सोडून गेला’ हे वाक्य मात्र फार वेळा ऐकू येते. ज्या मालकाला स्वतःला भट्टीसमोर उभे राहता येत नाही, त्याचे दुकान आचाऱ्याच्या मर्जीवर चालते, आणि चांगल्या आचाऱ्याला पलीकडच्या चौकातून दोन हजार जास्त पगाराचा निरोप येतच असतो. दुसरे ऐकू येते ते डिलिव्हरी अ‍ॅपविषयी. ऑर्डरी भरपूर, स्वयंपाकघर दमलेले, आणि कमिशन, जाहिरात व सवलतीतला मालकाचा वाटा कापून खात्यात येणाऱ्या रकमेत पॅकिंगचा डबादेखील जड वाटू लागतो.

तुमच्या समोरच्या गाळ्याबद्दल एक शंका बोलून दाखवतो. चार भाडेकरू गेले तरी गाळामालकाचे नुकसान फारसे झालेले नसावे. प्रत्येक वेळी नवी दलाली फिरली, अनामतीतून काही कापले गेले, भाडे वाढले आणि भिंती नव्या झाल्या. सुतार, पाटी रंगवणारा, फ्रँचायझी विकणारा आणि मी, आम्हा सर्वांचे पैसे दुकान उघडण्याच्या आधीच किंवा बंद झाल्यावर लगेच मिळतात. रिकामा गाळा पुन्हा भरतो याचे मोठे कारण हे आहे.

घाटाखाली

शीर्षकात बार आहे म्हणून लिहितो. आमच्या थोरल्या बंधूंचे सातारा जिल्ह्यात हमरस्त्याला लागून परमिट रूम होते. (नवीन पिढीला हे नाव गमतीचे वाटते, पण राज्यात दारूबंदीचा १९४९ चा कायदा नावापुरता आजही उभा आहे आणि त्याखाली पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, ‘परमिट’ ते.) आमच्याकडे हिशेबाची चूक नव्हती, आचारी पंधरा वर्षे तोच होता आणि जागा घरची होती. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १५ डिसेंबर २०१६ ला आला आणि १ एप्रिल २०१७ पासून महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली मद्यविक्री बंद झाली. वीस हजारांहून कमी लोकवस्तीच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर केले गेले. आम्ही रस्त्यापासून चाळीस पावलांवर होतो. काही शहरांतले रस्ते पालिकेकडे वर्ग करून पळवाट काढण्यात आली, आमच्या नशिबात तेही नव्हते.

पुढे न्यायालयाने सवलती दिल्या, राज्यांवर निर्णय सोपवला आणि बंधूंचे दार पुन्हा उघडले. परंतु मधल्या काळात बसणाऱ्यांनी बसायची जागा बदलली होती. बारचे गिऱ्हाईक पेयासाठी येत नाही, ते ठरलेल्या टेबलासाठी, न विचारता पुढ्यात शेंगदाणे आणून ठेवणाऱ्या वेटरसाठी आणि तिथे भेटणाऱ्या चार माणसांसाठी येते. ती चार माणसे एकदा दुसरीकडे जमू लागली, की त्यांना परत बोलावण्याचा काही उपाय नसतो. दोघे वेटर तोवर कामाच्या शोधात पनवेलला गेले होते.

त्यानंतरचे आर्थिक गणित असे. परवान्याचे वर्ष एप्रिल ते मार्च. वर्षभराची फी आगाऊ भरायची, मग वर्षात किती दिवस दार उघडे राहील ते निवडणुका, ड्राय डे आणि गावातले वातावरण ठरवणार. परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्क्यांवर गेला. जून २०२५ मध्ये ठरावीक किमतीपर्यंतच्या देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पट करण्याचा निर्णय झाला. पुढच्याच महिन्यात, १४ जुलैला, राज्यातल्या बारचालकांनी एक दिवस बंद पाळला. समोरच्या वाइन शॉपमध्ये तीच बाटली छापील किमतीला मिळते. त्यामुळे पूर्वी आमच्याकडे बसणारा माणूस आता क्वार्टर घेऊन शेताच्या बांधावर बसतो आणि चखणा मात्र आमच्याकडून पार्सल नेतो. बंधूंनी मागच्या वर्षी परवान्याचे नूतनीकरण केले नाही. आता तिथे फक्त जेवण मिळते. रस्सा उत्तम आहे, पण बारच्या स्वयंपाकघराला लावलेली माणसे जेवणाच्या विक्रीवर पोसली जात नाहीत, हे ते स्वतःच सांगतात.

कोपऱ्यावरचे_दुकान

आमचे किराणा दुकान १९७८ पासून चालू आहे. बिस्किटाच्या पुड्यावर शेकडा आठ-दहा रुपये सुटतात, वहीतली उधारी बुडते आणि हल्ली दहा मिनिटांत घरपोच देणारे मुलगे आमच्याच दारावरून गाड्या दामटतात. तरीही आम्ही आहोत. मुख्य कारण सचोटी आणि गिऱ्हाइकाशी बोलणे. नवी मुले काउंटरमागे बसून मोबाइल पाहतात, मग दुकान कसे चालेल?

खतावणी

तुमच्या सचोटीबद्दल शंका नाही, पण एक विचारतो: गाळा स्वतःचा आहे ना? त्या कोपऱ्याला आज ३०,००० भाडे सहज येईल. ते खर्चात धरून वर्षाचा नफा पुन्हा मांडून पाहा. मी हिशेब लिहितो त्यांच्यापैकी तीस-चाळीस वर्षे टिकलेली बहुतेक दुकाने एकतर स्वतःच्या जागेत आहेत, नाहीतर पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन जुन्या, किरकोळ भाड्यावर धरलेल्या. जुन्या भाडेनियंत्रण कायद्याने १९४० च्या सुमाराची भाडी गोठवली होती आणि १९९९ च्या कायद्यानेही अशा भाडेकरूंना वर्षाला ४ टक्क्यांहून अधिक वाढ लागू होऊ दिली नाही. ज्या जुन्या चहाच्या हॉटेलांचे आपण कौतुक करतो, तिथला स्वस्त चहा पुष्कळ अंशी त्या भाड्यावर उकळत असतो. इमारत पुनर्विकासाला गेली, की शंभर वर्षांचे हॉटेलही नव्या मुलाच्या रांगेत येऊन उभे राहते.

कोपऱ्यावरचे_दुकान

गाळा वडिलांनी घेतलेला आहे, हे खरे. भाड्याचा विचार मुलगा बोलून दाखवतो. मी तो विषय पुढे जाऊ देत नाही. मात्र घरपोचवाल्यांचे जे लिहिले, ते खोटे नाही.

कर्वेनगरकर

सर्वांचे आभार. ‘जुने_सामान’ यांचा प्रतिसाद भाच्याला मोठ्याने वाचून दाखवला. स्टिकरच्या जागी तो हसला आणि नंतर बराच वेळ गप्प होता.

खतावणी यांच्या पद्धतीने आम्ही दोघांनी मांडणी केली. भाडे ३८,०००, एक माणूस १६,०००, वीज-गॅस वगैरे ८,०००, असे ६२,०००. कप १५ रुपयांचा, कंपनीकडूनच घ्यावे लागणारे मिश्रण आणि कागदी कप मिळून ६ रुपये. म्हणजे तिसही दिवस उघडे ठेवून रोज २३० कप, तेही पतसंस्थेचा हप्ता न धरता. प्रकल्प अहवालात रोज ४०० कप लिहिले आहेत. हा आकडा कुठून आला असे विचारल्यावर कळले, की तो फ्रँचायझीवाल्यांनी छापूनच दिला होता.

त्यामुळे सध्या आम्ही दोघे सोसायटीच्या कट्ट्यावर वही घेऊन बसतो आहोत. काल दुपारी ४ ते ६ या वेळात गाळ्यासमोरून २१२ माणसे गेली आणि त्यांतली १९ शेजारच्या टपरीवर चहाला थांबली. टपरीवाला कप १० रुपयांना देतो आणि त्याला गाळ्याचे भाडे नाही. सकाळचे मोजून झाले, रविवारचे बाकी आहे. भाच्याने गाळामालकाला पहिले सहा महिने निम्मे भाडे घ्याल का, असे विचारले आहे. त्यांनी दोन दिवसांत सांगतो म्हटले. जामिनाचा अर्ज माझ्या टेबलावर सहीविना आहे. आज संध्याकाळी ७ ते ९ मोजणार आहोत, आकडे उद्या इथेच लिहितो.