एमए इतिहास करताना एक सेमिस्टर परदेशात काढता येतं का? (डच कागद वाचायचेत)

रेडीची_वाट

नमस्कार मंडळी. मी एमए इतिहास पहिल्या वर्षाला आहे, गाव वेंगुर्ल्याजवळ. डच वखारीची पडकी इमारत लहानपणापासून बघत आलोय, आजोबा सांगायचे इथे डचांचा माल उतरायचा, त्यापलीकडे गावात कोणाला काही माहीत नाही. बीएच्या शेवटच्या वर्षी सरांनी सांगितलं की वखार १६३७ ची आहे आणि इथल्या डच लोकांनी बटाव्हियाला, म्हणजे आताच्या जाकार्ताला, पाठवलेली पत्रं आजही हॉलंडात जपून ठेवलीत, शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्याही त्यात आहेत. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जातच नाहीये. आमच्याच गावची पत्रं आणि आमच्यातल्या कोणीच ती वाचलेली नाहीत.

तर विचारायचं हे की इतिहासवाल्यांसाठी एक्स्चेंज वगैरे असतं का? इंजिनिअरिंगची पोरं जर्मनीला जाताना दिसतात, आमच्या डिपार्टमेंटमध्ये विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात. घरी थोडी आंब्याची कलमं आणि छोटं दुकान, मोठं कर्ज काढायची तयारी नाही. डच येत नाही, इंग्रजी बरं आहे. मोडी शिकलोय, सावकाश वाचतो. कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

रुमाल_सोडवताना

अरे वा, तुझा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले. मी एक सेमिस्टर हॉलंडातल्या लायडन विद्यापीठात होते, एमएच्या दुसऱ्या वर्षी.

आधी एक गोंधळ दूर करू. एक्स्चेंज वेगळं आणि तिकडे जाऊन पूर्ण डिग्री करणं वेगळं. एक्स्चेंजमध्ये तू तुझ्याच विद्यापीठाचा विद्यार्थी राहतोस, फी इथलीच भरतोस, तिकडची ट्यूशन फी माफ असते, पण त्यासाठी दोन्ही विद्यापीठांचा करार असावा लागतो आणि अर्जही आपल्या विद्यापीठातूनच जातो. म्हणून डिपार्टमेंटमध्ये विचारून उपयोग नाही, विद्यापीठाचं इंटरनॅशनल सेंटर गाठ आणि करारांची यादीच माग. कधीकधी करार भाषा विभागाच्या किंवा समाजशास्त्राच्या नावावर असतो आणि इतिहासवाल्यांना त्याचा पत्ताच नसतो, आमच्याकडे तेच झालं होतं. करारामागे युरोपियन युनियनचं इरॅस्मस प्लसचं अनुदान असेल तर प्रवासाचे पैसे आणि देशानुसार महिन्याला साधारण ८०० ते ९०० युरो मिळतात, मुक्काम २ ते १२ महिन्यांचा. मी त्यातच भागवलं, पण खोलीलाच ५६० जायचे आणि उरलेल्यात फार हात आखडून राहावं लागायचं. लायडनला खोल्यांची भयंकर टंचाई आहे, निवड झाली रे झाली की त्याच दिवशी विद्यापीठाच्या हाउसिंगला अर्ज टाकायचा.

आता माझं जे नुकसान झालं ते तुझं होऊ नये म्हणून सांगते. जायच्या आधी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट नावाचा कागद असतो, तिकडचा कुठला कोर्स इकडच्या कुठल्या पेपरऐवजी धरणार ते त्यात लिहितात. तिकडे एका सेमिस्टरला ३० क्रेडिट, आपल्याकडचा हिशोब वेगळा. माझ्या कागदावर एक सही राहिली, सगळे म्हणाले आल्यावर बघू, आणि आल्यावर कोणी बघितलं नाही. दोन पेपर परत द्यावे लागले, वर्ष वाचलं ते केवळ एका मॅडमनी धावपळ केली म्हणून. सगळ्या सह्या हातात आल्याशिवाय विमानात बसू नकोस.

कळफलक

मी जरा उलटं बोलतो. त्या पत्रांसाठी आत्ता जायची गरजच काय? डच ईस्ट इंडिया कंपनीचे आशियातून गेलेले कागद स्कॅन झालेत, ग्लोबलाइज नावाच्या डच प्रकल्पाने सुमारे ५० लाख स्कॅनचं हस्ताक्षर कॉम्प्युटरकडून वाचून घेऊन मजकूर नेटवर फुकट ठेवलाय. वेंगुर्ला तिथे 'विंगुर्ला' अशा स्पेलिंगने सापडतं, नावं दहा तऱ्हांनी लिहिलीत त्यामुळे शोधताना सगळे उच्चार टाकून बघावे लागतात. रोज अर्धा तास डच शिक, सहा महिन्यांत छापील मजकुराचा अंदाज यायला लागेल. सगळं घरबसल्या होतं.

रुमाल_सोडवताना

कळफलक, स्कॅनचं अगदी बरोबर आहे आणि रेडीच्या वाटेने ते आजच सुरू करावं. हेगचं राष्ट्रीय अभिलेखागार लायडनहून ट्रेनने पंधरा मिनिटांवर, स्टेशनला लागूनच, आणि तिथे गेल्यावरही या कंपनीचे बहुतेक कागद तुम्हाला स्क्रीनवरच बघायला सांगतात, अस्सल पान सहसा हातात देत नाहीत. मी पहिल्या दिवशी हिरमुसले होते. पुण्याला पेशवे दफ्तरात रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचं कापडी गाठोडं, सोडला की धूळ नाकात जाते, कागदाला हात लागतो, ती सवय होती ना.

पण तिथे बसून जे शिकले ते स्क्रीनवर मिळालं नसतं. जुनं हस्ताक्षर वाचायचा वर्ग होता, आठवड्यातून एकदा, एका टेबलाभोवती सातजण, त्यात एक मुलगी जाकार्ताची आणि एकजण कोलंबोचा. एक पान समोर ठेवायचं आणि प्रत्येकाने एक ओळ मोठ्याने वाचायची. त्यांचा 'ई' उलटा काढल्यासारखा दिसतो, पहिले तीन आठवडे मी एक ओळ धड वाचू शकले नाही. मग एका पानावर महाराजांचं नाव लागलं, डच कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं 'सेवागी' असं काहीतरी लिहिलेलं. मी मोठ्याने वाचलं आणि गप्पच झाले, पुढची ओळ शेजारच्याने वाचली. त्याच तासाला जाकार्तावालीने सांगितलं की या पत्राची नक्कल बटाव्हियात कशी होई, तिथून हॉलंडला जाताना त्यातलं काय गाळलं जाई. म्हणजे मी जे 'वेंगुर्ल्याचं पत्र' समजत होते ती वेंगुर्ल्याच्या पत्राची दोनदा चाळलेली नक्कल होती! हे कॉम्प्युटरने काढलेल्या मजकुरातून कळत नाही, ज्यांच्या गावातून तो कागद गेला त्या माणसांबरोबर बसल्यावर कळतं. माझा तर सगळा प्रबंधच तिथून वळला.

जुना_मास्तर

दोघांचंही वाचलं. रेडीच्या वाटेवरच्या मुला, देश निवडू नकोस, आधी कागद निवड, मग तो कागद जिथे नेईल तिथे जायचं. कोल्हापुरात राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी १९३० च्या दशकात शिवचरित्र लिहिताना डच कागद वापरले, तेव्हा तर स्कॅन नव्हते काही नव्हतं. तेव्हा तुझा प्रश्न नवा नाही, त्याला मागे परंपरा आहे हे लक्षात ठेव आणि अर्जातही लिही.

दुसरं म्हणजे डच वेंगुर्ल्यात बसले ते गोव्याची नाकेबंदी करायला. म्हणजे तुझ्या वखारीची दुसरी बाजू पोर्तुगीज कागदांत आहे आणि ते तुझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर पणजीला आहेत! गोव्याचं अभिलेखागार १५९५ चं, पहिला प्रमुख पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कौतु. पांडुरंग पिसुर्लेकरांनी उभं आयुष्य तिथे घातलं, मराठे-पोर्तुगीज संबंधांवरचं त्यांचं काम आधी वाच. मग लिस्बनही उघडं होतं, तिथल्या तोर्रे दु तोंबु या राष्ट्रीय अभिलेखागारात मान्सूनच्या जहाजांबरोबर गेलेल्या पत्रांची बाडं आहेत, त्यांचे उरलेले खंड पणजीत. पणजीत पोर्तुगीज शिकायची सोय आहे. मोडी येतं हे तू प्रश्नात शेवटी लिहिलंस, अर्जात सगळ्यात वर लिही. तिकडे डच वाचणारे शेकड्यांनी आहेत, एकाच घटनेचे डच आणि मोडी दोन्ही कागद वाचणारा त्यांना शोधून सापडत नाही.

पैशांचं. सेमिस्टरऐवजी पूर्ण मास्टर्स करायचं झालं तर युरोपियन युनियनचीच इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्ती बघ, महिना १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, फी वेगळी भरावी लागत नाही. ग्लासगो, बार्सिलोना, गॉटिंगेन, रॉटरडॅम अशा विद्यापीठांचा आर्थिक इतिहासाचा ग्लोकल नावाचा एक कोर्स आहे, वखारीचा विषय त्यात चपखल बसेल. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती वगैरेंसाठीच्या केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या नियमांतून मात्र २०२२ मध्ये भारताचा इतिहास, संस्कृती, वारसा असले विषयच वगळले. ज्या मुलांच्या आजोबा-पणजोबांना कधी दफ्तराच्या दारात उभं केलं नाही त्यांनाच आपल्या इतिहासावर बाहेर जाऊन काम करायचं तर पैसे नाहीत म्हणायचं, याचं मला फार वाईट वाटतं, अजूनही वाटतं. अर्ज करण्याआधी त्या त्या वर्षीचे नियम स्वतः वाच.

तिठ्यावरून

इतिहासातलं काही कळत नाही पण मुलगी नेदरलँडला शिकते म्हणून कागदांचं सांगते. जन्मदाखला आत्ताच काढून ठेव. ग्रामपंचायतीचा जुना दाखला असेल तर त्यावर कधी बाळाचं नावच नसतं, कधी आईचं नाव वेगळं असतं, ते दुरुस्त करून इंग्रजीतला दाखला घ्यायचा आणि मग अपोस्टिल करायचा, म्हणजे परदेशात चालावा म्हणून त्यावर सरकारी शिक्का घ्यायचा, तिकडे नगरपालिकेत नाव नोंदवताना तो मागतात. आमचे त्यात दोन महिने गेले. व्हिसा, रेसिडन्स परमिटचा अर्ज तिकडचं विद्यापीठ करतं, तुम्ही स्वतः धावायचं नाही. गेल्यावर टीबीची तपासणी असते, घाबरायचं काही नाही.

रेडीची_वाट

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. काल रात्री ग्लोबलाइजवर 'विंगुर्ला' टाकलं, इतकी पानं आली की एक वाजेपर्यंत नुसता बघत बसलो, कळलं काहीच नाही पण गावाचं नाव दिसत होतं. आईला उठवून दाखवलं.

मास्तर, सोमवारी पणजीला जातोय. तिथे वाचनकक्षात बसायला कॉलेजचं पत्र लागतं का आधारवर चालतं? आणि ताई, तुमच्या त्या वर्गात पहिल्या दिवशी वाचायला दिलेलं पान कुठलं होतं त्याचा नंबर आठवत असेल तर द्याल का, मी इथूनच सुरुवात करतो.

रुमाल_सोडवताना

वही काढून बघते आणि संध्याकाळी टाकते. कंपनीच्या पूर्ण संग्रहाचा नंबर १.०४.०२, तो लिहून ठेव, पुढे सगळीकडे लागेल.

जुना_मास्तर

पत्र घेऊनच जा, विभागप्रमुखांच्या सहीचं. आणि पेन नको, पेन्सिल ने.