मदत हवी आहे: रासबोरा, इसोमस वगैरे मासे सायप्रिनिडी फॅमिलीत (कुळात) टाकू की डॅनिओनिडीत?

राम राम मंडळी. एमेस्सी झूलॉजीचा प्रोजेक्ट चालू आहे, धुळ्याजवळ पांझरेतल्या माशांची यादी करतेय. रोहू-कटल्याचं काही नाही, घोडं अडलंय बारीक मासोळ्यांपाशी. अंगावर काळी पट्टी असलेली रासबोरा डॅनिकोनियस, चपटी चंदेरी सालमोस्टोमा, लांबलचक मिशांची इसोमस, या सगळ्या आमच्या पुस्तकात सायप्रिनिडीत, म्हणजे रोहूच्याच फॅमिलीत, आणि फिशबेसवर (माशांच्या माहितीची वेबसाइट) बघावं तर डॅनिओनिडी! शोधलं तर कळलं की २०१८ मध्ये टॅन आणि आर्मब्रस्टर या संशोधकांनी डॅनिओनिनी ही सबफॅमिली (उपकुळ) उचलून स्वतंत्र फॅमिली केली. पण पुंटियस मात्र सायप्रिनिडीतच, आता ती तेवढीच बारीक आणि त्याच जाळ्यात येते, मग हे कसं काय?

गाईड म्हणतात पुस्तकात आहे तेच लिही. आणि एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरच्या परीक्षकाने, नवीन विचारलं तर? शिवाय जुन्या पेपरांत सायप्रिनिडीची टक्केवारी दिलेली असते, मी वेगळं काढलं की माझा आकडा धपकन खाली, वाचणाऱ्याला वाटेल मासे कमी झाले. सांगा ना भो कोणीतरी.

गिरणाकाठ: ताई, नवीनच लिहा. आकारावर जाऊ नका, हे नातं डीएनएवरून लावलंय आणि पुंटियस त्यात रोहूच्या जवळ निघते. हॅमिल्टनने १८२२ मध्ये रोहू, झेब्राफिश आणि तुमची रासबोरा सगळ्यांना सायप्रिनस या एकाच जीनसमध्ये (प्रजातीत) टाकलं होतं, तेव्हापासून वाटण्या चालूच आहेत (आमच्या भाऊबंदकीपेक्षा बऱ्या, निदान कोर्टात जात नाहीत). टेबलात एक कॉलम जादा घ्या, 'आधीची फॅमिली', तुलना त्यावरून करा. शॅनन इंडेक्स (विविधता मोजायचा आकडा) जातींवर काढला असेल तर त्याला फॅमिली बदलल्याने काही होत नाही. माशाच्या नावापुढे कंसात येणारं (हॅमिल्टन, १८२२) पण तसंच ठेवा, तो कंस जीनस बदलल्याचा असतो.

धागाकर्ती: कॉलमचं भारी आहे दादा, गाईडना पण चालेल बहुतेक. सबफॅमिली लिहायची का?

गिरणाकाठ: लिहा की. रासबोरा रासबोरिनीत, सालमोस्टोमा केड्रिनीत. पण सालमोस्टोमाची जात कोणती धरलीय? नुसत्या फोटोवरून ठरवू नका, लॅटरल लाईनवरचे (अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेघेवरचे) खवले मोजा, तिथेच एक्स्टर्नल पकडतात.