मदत हवी आहे: पेट्रोल भरताना फ्लिप-अप हेल्मेट (हनुवटीचा भाग वर उचलता येणारं) चालतं का? (यूके)

लेस्टरला बाईक चालवतो, फुल फेस हेल्मेट, डबल डी रिंगचा पट्टा (दोन कड्यांतून ओवून बांधायचा), त्यात चष्मा. नोझल उचललं की स्पीकरवरून आवाज येतो, आधी हेल्मेट काढा, तोवर पंप चालूच करत नाहीत. मग ग्लोव्हज काढा, पट्टा सोडा, चष्मा सांभाळा आणि मागे गाड्यांची रांग लागलेली. व्हायझर वर करून चेहरा दाखवला, कार्ड दाखवलं, उपयोग शून्य. पे ॲट पंपला (पंपावरच कार्डने पैसे भरायचे तिथे) हेल्मेटचं कोणी विचारत नाही पण माझ्या वाटेवर तसा पंप नाहीये. पंपवाल्यांना पैसे न देता पळणाऱ्यांची भीती असते, कळतं मला, भांडायचं नाहीये. नवीन हेल्मेट घ्यायचंच आहे, तर फ्लिप-अप वापरणाऱ्यांनी सांगा, हनुवटीचा भाग वर केला की पंपावर आणि दुकानात चालवून घेतात का तरी पूर्ण काढायलाच लावतात?