फोन आत्ता घ्यावा की दिवाळीपर्यंत थांबावं?

मंडळी, मदत हवी आहे. माझा अँड्रॉइड फोन २०२१ चा. सकाळी फुल चार्ज करून ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला जाते. काल परतताना तुर्भ्यालाच १२ टक्के उरले होते. घरी आई एकटी असते, तिचा फोन मला लागलाच पाहिजे.

गोखले रोडवरच्या दुकानदाराने नवी बॅटरी १,८०० रुपयांत सांगितली. बाकी फोन ठणठणीत आहे, स्क्रीनवर ओरखडासुद्धा नाही. पण सिक्युरिटी अपडेट वर्षभरापासून बंद, आणि बँकेचं ॲप याच फोनवर. खरी काळजी ती आहे.

नव्यासाठी बजेट २०,००० पर्यंत. बॅटरी बदलून दिवाळीच्या सेलची वाट बघू, की आत्ताच घेऊ? जुन्या फोनची बॅटरी कोणी बदलली असेल तर किती टिकली, तेही सांगा.