इंदूरचे रस्ते एवढे स्वच्छ कसे काय राहतात? आपल्याकडे का जमत नाही?

रानजाई:
डिसेंबरात मावसभावाच्या लग्नाला इंदूरला गेले होते, तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे म्हणून धागा काढतेय. रात्री आम्ही सगळे सराफ्यात, म्हणजे सोन्याच्या दुकानांच्या गल्लीत रात्री भरणाऱ्या खाऊबाजारात, खायला गेलो, दीड वाजले तरी पाय ठेवायला जागा नव्हती, भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलेबी, सगळ्यांच्या हातात द्रोण नाहीतर कागदी प्लेट. मला वाटलं सकाळी इथे काय अवस्था असेल. सकाळी सातला राजवाडा बघायला परत त्याच गल्लीतून गेलो तर फरशी ओली होती, सोन्याची दुकानं बंद, आणि एक द्रोण दिसेल तर शपथ.

आता आमच्याकडचं सांगते, शहराचं नाव लिहीत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग असतो. तिथे आधी बोर्ड लावला, मग भिंतीवर देवांच्या टाईल्स लावल्या, दिवाळीत आम्ही बायकांनी तिथे रांगोळी पण काढली. तीन दिवस बरं होतं, चौथ्या दिवशी बरोब्बर त्या रांगोळीवरच शहाळ्याची पोती येऊन पडली. फार वाईट वाटलं. आणि रस्ता तर मे मध्ये डांबर टाकून केला आणि जुलैत कुणीतरी येऊन मधोमध खणून गेलं. घरपट्टी आम्ही वेळेवर भरतो. मग नक्की कमी काय पडतंय, पैसा, माणसं की आपणच? जाणकारांनी सांगा प्लीज.

रामबागकर:
ताई, मी इंदूरचाच, चौथी पिढी, त्यामुळे थोडं मोठं लिहितो. आधी हे सांगू दे की आमचं शहर पहिल्यापासून असं नव्हतं. केंद्र सरकार शहरांच्या स्वच्छतेचे नंबर लावतं ना, त्या २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात आम्ही २५ वे होतो. चौकाचौकात मोठ्या लोखंडी पेट्या असायच्या, त्या भरून वाहायच्या, गाई आणि कुत्री त्यात तोंड घालायची, आणि रस्ता कितीही झाडला तरी दुपारपर्यंत जैसे थे. २०१७ ला पहिला नंबर आला आणि मग दरवर्षी येतच गेला, २०२३ चा सुरतसोबत विभागून आला.

मधे काय झालं तर घरोघरी गाडी सुरू झाली. तेव्हा महापौर मालिनी गौड होत्या आणि आयुक्त मनीष सिंह. आधी थोड्याच वॉर्डांत करून बघितलं, तिथे जमल्यावर हळूहळू सगळीकडे नेलं. गाडी रोज, म्हणजे खरंच रोज, ठरल्या वेळेला. आमच्याकडे साडेसातला गाण्याचा आवाज आला की आई डबे घेऊन फाटकाशी उभीच असते. ओला वेगळा, सुका वेगळा, डायपर आणि पॅडचा वेगळा, आणि गाडीला पण तसेच वेगळे कप्पे आहेत. एकदा आईने चुकून दुधाची पिशवी ओल्यात टाकली तर गाडीवरच्या पोराने डबा तसाच परत दिला, "आंटीजी, ये निकालिए", आईने तिथेच उभ्याने काढली. आणि महत्त्वाचं म्हणजे गाडी येते ही खात्री लोकांना पटल्यावरच चौकातल्या पेट्या उचलल्या. पेटी असली की तिच्याभोवती ढीग होणारच हो.

पुढे तो कचरा जातो कुठे हे पण बघा. देवगुराड्याला, म्हणजे आमच्या कचरा डेपोवर, जुन्या कचऱ्याचा १३ लाख टनांच्या आसपासचा डोंगर होता, तो बायोमायनिंग करून, म्हणजे खणून आणि चाळून वेगवेगळा करून, काढला. आणि २०२२ पासून तिथे ५५० टन ओला कचरा रोज घेणारा बायो-सीएनजी प्लांट चालू आहे, त्या गॅसवर सिटी बस धावतात. प्लास्टिकमिश्रित ओला कचरा त्या प्लांटला चालत नाही, म्हणून दारातच एवढी कडक तपासणी. तुम्ही घरी वेगळा केलेला कचरा पुढे एकत्रच होणार असेल तर कोण किती दिवस वेगळा करेल?

आणि सराफ्याचं म्हणाल तर रात्री खाण्याच्या गाड्या बंद झाल्या की लगेच झाडणारी टोळी उतरते, मोठ्या रस्त्यांवर मशीन फिरतं. रंगपंचमीला या एकदा. राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते, लाखो माणसं, रस्ता गुलालाने लाल, चपलांचा खच पडलेला असतो. गेर संपली की मागून सफाईवाले आणि पाण्याचे टँकर येतात आणि काही तासांत रस्ता दिसायला लागतो. मी लहानपणी तोच रंग आठवडाभर तुडवलाय.

अभ्या_९६००:
सगळं खरंय पण आपल्या लोकांना दंडाशिवाय अक्कल येत नाही. कॅमेरा लावा, पाचशेची पावती फाडा, आठ दिवसांत सरळ होतील. रांगोळ्या काढून काही होत नसतं ताई.

रामबागकर:
दंड आमच्याकडेही आहे भाऊ आणि तो लागतोच. पण आधी गाडी, मग दंड. ज्याच्या दारात तीन दिवस गाडीच आली नाही त्याने माशांची घाण घरात ठेवायची का? त्याला पावती दिली तर तो रात्री अंधारात फेकेल, पण फेकेलच.

सई_पुणे:
पुण्याचं थोडं लिहिते, कारण आमच्याकडे हे काम वेगळ्या पद्धतीने होतं आणि ते मला जास्त जवळचं वाटतं. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांची पंचायत, म्हणजे त्यांची संघटना, १९९३ पासून आहे, बाबा आढाव त्यामागे होते, त्यातूनच पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था उभी राहिली. त्या बायका रोज दारात येऊन कचरा नेतात, आपण महिन्याला थोडे पैसे देतो आणि सुक्यातलं जे विकलं जातं ते पण त्यांचंच.

आमच्याकडे येणाऱ्या मावशी गेली अकरा वर्षं येतायत. एकदा मी त्यांच्यासोबत खाली शेडपाशी थांबले होते. ढकलगाडीवरची बादली ताडपत्रीवर रिकामी केली आणि हाताने निवडायला बसल्या. एका काळ्या पिशवीत भाताच्या आंबलेल्या ढिगाखाली फुटलेला काचेचा ग्लास होता. त्यांनी काही न बोलता बोटाला चिंधी गुंडाळली आणि पुढची पिशवी सोडली. त्या दिवसापासून आमच्या घरात काच जाड कागदात बांधून वर पेनाने लिहून देतो, आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका, म्हणजे उघडायच्या आधीच त्यांना कळतं. शहर स्वच्छ कसं राहतं विचारता ना, ते असं कुणाच्या तरी हातांनी राहतं. अभ्या, दंडाची भाषा करताना त्या हातांना मोजे आणि बूट मिळतात का हे पण विचारत चला.

खडी_मुरूम:
मी ३१ वर्षं रस्त्याच्या कामात काढली, आता रिटायर आहे. कचऱ्यावर वरच्यांनी चांगलं लिहिलंय, मी रस्त्याबद्दल बोलतो.

पुण्याचा जंगली महाराज रस्ता सगळ्यांना माहितीये, १९७६ चा, रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी देऊन केलेला आणि पुढची कित्येक दशकं खड्डा नाही. लोक म्हणतात काय डांबर होतं! अहो डांबराच्या आधी पाण्याचं बघा. डांबराचा वैरी पाणी. खडीवर चिकटलेलं डांबर पाणी साचलं की सुटतं, त्यावरून चाक गेलं की खडी उडते, तोच तुमचा खड्डा. म्हणून रस्ता मधे थोडा उंच आणि दोन्हीकडे उतार, म्हणजे कॅम्बर, आणि कडेला चालू गटार पाहिजे. आता तुमच्या गल्लीत एक बघा, गटाराची जाळी रस्त्याच्या वर आहे की खाली. वर असेल तर पाणी तिच्यात जाणारच नाही. दर दोन वर्षांनी जुना थर न खरवडता वर नवा थर चढवतात, मग कॅम्बर बिघडतं, कडेला पाणी साचून राहतं, काही ठिकाणी ते सरळ लोकांच्या अंगणात शिरतं, आणि जाळी एकतर खोल खड्ड्यात जाते नाहीतर डांबराखाली बुजूनच जाते. जाळी कचऱ्याने तुंबली तरी परिणाम तोच, त्यामुळे झाडू आणि डांबर ही दोन खाती वेगळी असली तरी काम एकच आहे.

दुसरं खोदाईचं. चर खणला की तो थराथराने भरायचा असतो, प्रत्येक थरावर पाणी मारून दाबायचा, मग खडी, मग डांबर. प्रत्यक्षात काय होतं तर निघालेली माती एकदम ढकलतात, वर पायाने तुडवतात आणि निघून जातात. पहिल्या पावसात तो चर खचतो. मी साईटवर असताना एका चरात पहार घातली होती, हात दाबला तशी पहार दीड फूट आत गेली! बिल मात्र पूर्ण दाबकामाचं होतं. सही केली नाही म्हणून माझी बदली झाली, त्याचं मला आजही दुःख नाही.

ताई, तुमचा रस्ता मे मध्ये केला म्हणजे तो अजून ठेकेदाराच्या दोषदायित्व कालावधीत, म्हणजे बिघाड त्यानेच दुरुस्त करून द्यायच्या मुदतीत, असणार. कामाचा आदेश माहितीच्या अधिकारात मागा, त्यात तारीख आणि मुदत मिळेल. जुलैची खोदाईची परवानगी कुणाला दिली आणि रस्ता पूर्ववत करायला किती पैसे भरून घेतले ते पण मागा. ते पैसे बहुतेक वेळा भरलेले असतात बरं का, काम झालेलं नसतं.

रानजाई:
सगळ्यांचे खूप आभार. काका, आत्ताच खाली जाऊन जाळी बघून आले, रस्त्यापेक्षा चांगली चार बोटं वर आहे, आणि आम्ही दर पावसाळ्यात पाणी का तुंबतं म्हणून भांडत होतो. माहिती अधिकाराचा अर्ज भाऊ लिहून देतोय.

सई, काळी पिशवी आमच्या घरातून पण जायची. आजपासून बंद.

आमची घंटागाडी एक दिवसाआड येते, ती पण कधी नऊला कधी अकराला, तोपर्यंत नोकरीवाल्या सगळ्या बाहेर पडलेल्या असतात. मग जाता जाता तोंडाशीच ठेवून जातात, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. आता आधी वेळेचंच मागणार, साडेसात म्हणजे साडेसात. गल्लीत ४२ घरं आहेत, रविवारी सह्या घेतेय. रामबागकर, तुमच्या गाडीला किती कप्पे आहेत आणि डबा परत द्यायचा नियम कसा लावला ते जरा सविस्तर लिहाल का, नगरसेवकांना दाखवायचंय.